सार्कची सामाजिक सनद: तक्रार करायची कुठं?

बर्डीचा पोट्टा
हिवाळी अधिवेशनात अंगणवाडीताईंचे मोर्चे मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडतात. निवेदन देतात, घरी जातात. युरोपातल्या कामगार संघटनांना आणखी एक दार आहे. तिथली सामाजिक सनद, म्हणजे कामगार अन् सामाजिक हक्कांचा देशादेशांतला करार, १९६१ची. १९९५च्या प्रोटोकॉलनं, म्हणजे पुरवणी करारानं, संघटनांना सरकारविरुद्ध थेट तक्रार करता येते, आधी देशातल्या कोर्टांच्या पायऱ्या झिजवायची अटही नाही. पहिलीच तक्रार पोर्तुगालमधल्या बालमजुरीची, १९९९मध्ये निर्णय सरकारच्या विरोधात गेला. आपली, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेची सनद २००४ची, इस्लामाबादला झालेली. आरोग्य, शिक्षण, गरिबी सगळं आहे, दार तेवढं नाही. ते मागायला नको?

रिटायर्ड हेडक्लार्क
भाऊ, सार्कची शिखर परिषदच २०१४नंतर भरली नाही. दार कोणत्या घराला लावता? अन् करारांचं आम्हाला नका सांगू. १९५३चा नागपूर करार: विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या, शिक्षणाच्या सोयी. अधिवेशन येते, बाकीचा अनुशेष मोजणं चालूच. त्यापेक्षा २०१३चा अन्न सुरक्षा कायदा बरा. रेशन अडलं तर जिल्ह्यात कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचं, ते त्यात आहे.

बर्डीचा पोट्टा
काका, हे तर माझंच म्हणणं झालं! करार मोडला तर कोणाकडे जायचं, तेच नागपूर करारात नव्हतं.

काटोल रोडवाली
दार असलं म्हणजे आत घेतातच असं नाही बरं. अमेरिका खंडातला १९८८चा सान साल्वादोर प्रोटोकॉल बघा. आरोग्य, अन्न यादीत आहे, पण त्याखाली व्यक्तीची याचिका चालते फक्त कामगार संघटनांच्या हक्कांवर आणि शिक्षणावर. आफ्रिकेत उलटं. नायजेरियातल्या ओगोनी लोकांच्या जमिनी तेलानं नासल्या. आफ्रिकेच्या मानवी हक्कांच्या सनदेत अन्न आणि घर हे हक्क लिहिलेलेच नव्हते, तरी २००१मध्ये आफ्रिकी मानवी हक्क आयोगानं इतर कलमांतून ते काढले आणि सरकारला दोषी धरलं. मला हा निर्णय फार आवडतो. पण २०११मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत तिथल्या विहिरींत बेन्झीन हे विषारी रसायन सापडलंच.

रिटायर्ड हेडक्लार्क
घ्या! अन् आपला भारत? आर्थिक-सामाजिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात १९७९पासून आहे, पण तक्रारीची सोय देणारा २००८चा प्रोटोकॉल काही स्वीकारला नाही. दिल्लीचं दार बंद, अन् पोट्टे सार्कच्या काठमांडूतल्या सचिवालयाचं ठोठावतात.

बर्डीचा पोट्टा
मग दिल्लीचंच ठोठावू आधी. निवेदन तुम्ही लिहून द्या, हेडक्लार्क होते न.

रिटायर्ड हेडक्लार्क
देतो. पण आवकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय वापस येऊ नको.