रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला, म्हणजे गुन्हा शाबीत झाला का?

प्रश्न (एक शिक्षक, अंबाजोगाई तालुका)
आमच्या गावच्या खून खटल्यात आरोपीच्या सदऱ्यावर ‘ओ’ गटाचे मानवी रक्त आढळले असून मयताचा गटही ‘ओ’ आहे, असा अहवाल आला आहे. साक्षीपुरावे अजून व्हायचे आहेत. पारावर मात्र निकाल लागून गेला. अशा अहवालावर कितपत भिस्त ठेवावी आणि सदोष तपासणीमुळे चुकीची शिक्षा झाल्याचे दाखले आहेत का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (वकील, परभणी)
अहवाल खरा असेलही, पण तो फार थोडे सांगतो. आपल्याकडे साधारण तिघांत एक जण ‘ओ’ गटाचा निघतो, म्हणजे पारावर निकाल देणाऱ्यांतही काही जण त्याच गटाचे असणार. आरोपीचा स्वतःचा गट तपासला आहे का, हे आधी पाहा. डीएनए तपासणी यापेक्षा कितीतरी पक्की. तरीही दिल्लीच्या छावला भागातील तरुणीच्या बलात्कार-खून प्रकरणात नमुने जवळजवळ दोन आठवडे पोलीस ठाण्याच्या मालखान्यात (जप्त माल ठेवण्याच्या खोलीत) पडून होते आणि तज्ज्ञाने पद्धत नीट वापरली का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलेच नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना निर्दोष सोडले. मग ते कृत्य कोणी केले, हा प्रश्न तसाच राहिला. ढिसाळपणाचा भुर्दंड मयताच्या घरच्यांनाही पडतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

उत्तर (निवृत्त मुद्देमाल कारकून, नांदेड)
रक्ताचा ओला कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा असतो. तो तसाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की रक्त कुजते, आणि मयताचे व आरोपीचे कपडे एकाच गाठोड्यात बांधले तर डाग इकडचे तिकडे लागतात. पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेचा ठसा, माल नेणाऱ्या शिपायाची पोच आणि रजिस्टरमधील तारखा जुळतात का, ते पाहावे. डीएनएचे नमुने अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे.

उत्तर (न्यायवैद्यक विज्ञानाची विद्यार्थिनी, लातूर)
माल नीट पोचला तरी पद्धतच कच्ची असू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली केस ‘जुळवून’ अमेरिकेत अनेकांना शिक्षा झाल्या. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या फेरतपासणीत, अशी साक्ष आरोपीच्या विरोधात गेलेल्या २६८ पैकी २५७ खटल्यांत एफबीआयच्या तज्ज्ञांनी शास्त्राला न पेलणारी विधाने केल्याचे आढळले. ते सगळे निर्दोष होते असा याचा अर्थ नव्हे, पण त्यांतील काहींना तोवर देहदंड देऊन झाला होता. आगीच्या प्रकरणांत खिडकीच्या काचेवरील बारीक भेगांचे जाळे म्हणजे पेट्रोलसारखे काही ओतल्याची खूण, असे वर्षानुवर्षे शपथेवर सांगितले गेले. प्रयोग केल्यावर दिसले की तापलेल्या काचेवर पाणी पडले की तशाच भेगा पडतात, आणि आग विझवताना पाणी तर मारतातच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण हे सारे विश्लेषकाला विचारणार कोण?

उत्तर (वकील, परभणी)
बचाव पक्ष. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९. उलटतपासणी हवी असेल तर तसा अर्ज वेळेत द्यावा लागतो. आरोपीकडे वकील नसेल तर त्याच्या घरच्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे.