पीआरव्ही (पाण्याचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) सेट केला तरी प्रेशर चढतंय, मदत हवी आहे

ठाण्यात 22 मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. गच्चीवरची टाकी साधारण 55 मीटर वर, म्हणजे साडेपाच बार. म्हणून डक्टमध्ये पीआरव्ही आहे. परवा वॉशिंग मशीनच्या नळाला प्रेशर गेज लावला. पीआरव्हीचा लॉकनट सैल करून स्क्रू उलटा फिरवला, दुसरा नळ जरा सोडून काटा 3 बारवर आणला. खूश! पण सगळे नळ बंद ठेवले की तासाभरात काटा हळूहळू 5 वर. गीझर बंदच होता, म्हणजे पाणी तापून फुगल्याचा प्रकार नाही. पीआरव्हीच्या जाळीतून चिमूटभर वाळू निघाली. धुऊन बसवली, फरक शून्य. आतला रबर वॉशर गेलाय का? प्लंबर म्हणतो अख्खा व्हॉल्व्ह बदला (त्याचं ते ठरलेलंच). नुसता कार्ट्रिज (व्हॉल्व्हच्या आतला सुटा निघणारा भाग) बदलून कुणाचं भागलंय का? फ्लशचा पाइप एकदा फुटून झालाय.