पानिपतहून सोलापूरला ट्रेलर आणायचाय, मोठी शहरं टाळून रस्ता कोणता?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड:
नमस्कार मंडळी. आमचा एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पानिपतला तीन जुने रॅपिअर माग (कापड विणायची यंत्रं) ठरवलेत. आणायला मामांचा चाळीस फुटी ट्रेलर आहे. मामा चोवीस वर्षं स्टिअरिंगवर आहेत, पण सगळी हैदराबाद-विजयवाडा लाइन. धुळ्याच्या वर कधी गेले नाहीत. मी सोबत जाणार आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथून माल भरून निघायचा विचार आहे.

फोनवर नकाशा लावला तर दिल्लीच्या कडेनं, जयपूर, कोटा, इंदूर, संभाजीनगर अशी सगळी मोठी गावं येतात. दिल्लीत दिवसा जड गाड्या सोडत नाहीत एवढं माहीत आहे. बाकी कुठं बायपास आहे, कुठं अडकायला होतं, कुठं रात्री चालवू नये, हे त्या रस्त्यानं गेलेल्यांनी सांगावं. घरची पुंजी या मागांत घातली आहे. त्याहून मोठी काळजी मामांची. वेळ जास्त लागला तरी चालेल.

मोहोळचा_जुना_ड्रायव्हर:
भाऊ, सोळा वर्षं मी उत्तरेकडं ट्रेलर चालवलाय, आता घरी असतो. सविस्तर लिहितो, मामांना वाचून दाखव.

आधी दिल्लीचं. दिल्लीला हातच लावू नका. पानिपतहून सफीदों-जींदच्या बाजूला निघा आणि १५२-डी हा नवा महामार्ग धरा. तो इस्माईलाबादहून नारनौलपर्यंत २२७ किलोमीटर आहे, शहर एकही मध्ये येत नाही. नारनौलहून कोटपुतली. तिथं जयपूर हायवे लागतो.

जयपुरात शिरायचं नाही. चंदवाजीला उजवीकडं निघणारा बायपास अजमेर रोडला नेतो, तिथून रिंगरोडनं टोंक रोडला बाहेर. हा फाटा चुकला की गाडी सरळ शहराच्या तोंडाशी जाते आणि ट्रेलर वळवायला जागा मिळत नाही. म्हणून चंदवाजीच्या आधी ढाब्यावर थांबा, चहा घ्या, फाटा विचारून घ्या आणि उजेडातच पुढं जा.

टोंक, बुंदी करून कोट्याला चंबळवरच्या झुलत्या पुलाचा बायपास. खरी अडचण पुढं आहे, कोटा आणि झालावाडच्या मध्ये दरा नावाच्या गावापाशी. डोंगरातली अरुंद नाळ आहे. एक गाडी बंद पडली की दोन्हीकडं तासन् तास रांग. तिथं पहाटे पोचेल असा हिशेब ठेवा. रांगेत सापडलात तर उलट बाजूनं घुसणाऱ्यांच्या मागं जाऊ नका, चाळीस फुटी गाडी मागं घेता येत नाही.

मग अकलेरा, ब्यावरा, देवास. इंदूरला मांगलिया ते राऊ बायपास आहे, सोपा आहे. त्यानंतर धामनोदच्या अलीकडं गणपती घाट येतो. तिथं उतारावर ब्रेक जाऊन फार माणसं गेलीत. आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी कमी उताराचा वेगळा रस्ता झालाय, तोच धरायचा. मग सेंधव्यापुढं बिजासन घाट, तोही तुम्हाला उतरायचाच आहे.

मामांना घाट नवीन नसेल, पण भरल्या ट्रेलरचा लांब उतार वेगळा असतो. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करा, चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन गरमपणा बघा, ब्रेकच्या हवेचा काटा बघा. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचतंय म्हणूनसुद्धा नाही. माझ्याबरोबरचा एक माणूस असाच गेला. त्याच्या मागं मीच होतो.

धुळ्यानंतर सगळे चुकतात. फोन चाळीसगाव-कन्नड दाखवेल, कारण नकाशावर ते सरळ दिसतं. औट्रम घाटात जड वाहनांना २०२३ पासून हायकोर्टाच्या आदेशानं बंदी आहे. मी बंदीच्या आधी एकदा फोनचं ऐकून त्या बाजूनं दौलताबादपर्यंत आलो. जुन्या वेशीच्या तोंडाशी गाडी अडकली. क्लीनर मागं पळत हात दाखवत होता आणि मी रिव्हर्समध्ये, अर्धा किलोमीटर. लोक ओरडत होते, मला घाम फुटला होता. फोनला गाडीची लांबी माहीत नसते.

तेव्हा धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव. नगरला विळदजवळ बाह्यवळणाला लागा, सोलापूर रस्त्यावर निघाल. पुढं करमाळा, टेंभुर्णी, मोहोळ. रस्ता काही ठिकाणी खराब आहे, पण तुमच्या गाडीला तोच बरा.

लूमफिटर_विडीघरकुल:
काकांचं बरोबर आहे, मी फक्त मालाबद्दल सांगतो. माग लांबीनं ठेवा, आडवे नाही. रुंदी २.६ मीटरच्या बाहेर गेली तर वेगळी परवानगी लागते. बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे रूळ, काढून वेगळे भरा, जॅकार्ड (नक्षी विणायचं वरचं यंत्र) असेल तर तेही उतरवा, नाहीतर वरचं वजन वळणावर गाडी ओढतं. खाली लाकडी ठोकळे खिळ्यांनी पक्के, चारही कोपऱ्यांना साखळी. नुसता दोर बांधू देऊ नका. पहिल्या पन्नास किलोमीटरला थांबून साखळ्या परत आवळा, त्या सैल पडतातच. मागाच्या विजेच्या पॅनेलबॉक्सला प्लास्टिक गुंडाळा, राजस्थानची धूळ सर्किटमध्ये बसते.

जीएसटीवाली_ताई:
ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. सोळाशे किलोमीटर धरले तर आठ दिवस. दऱ्याला अडकलात आणि मुदत संपत आली तर संपण्याआधी किंवा नंतर आठ तासांत वाढवता येते, कारण लिहावं लागतं. त्यामुळं मुदत संपतेय म्हणून मामांना रात्रीची गाडी हाकायला लावू नका.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, मामांनी दोनदा वाचायला लावलं. न्यूट्रलचं वाचून गप्प बसले, मग म्हणाले, "माणूस खरं लिहितोय." दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. डिसेंबरात धुकं किती असतं? आणि सोलापुरात कसं शिरायचं?

मोहोळचा_जुना_ड्रायव्हर:
धुकं हरियाणात जास्त. सकाळी नऊपर्यंत गाडी काढू नका, ढाब्यावर झोपा. बंद गाडी रस्त्याकडेला उभी करायची नाही, धुक्यात मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. ट्रेलरच्या मागं आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर पट्टी नवी लावून घ्या.

पण धुक्यापेक्षा मला करमाळा ते टेंभुर्णीची भीती जास्त वाटते. डिसेंबर म्हणजे गाळप हंगाम. उसाच्या जोडट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या चालतात, मागं लाल कापडसुद्धा नसतं. तो पट्टा दिवसाच करा. घर जवळ आलं की माणूस जोर लावतो, आणि तिथंच चूक होते.

केगावला पोचलात की तिथंच थांबा. हत्तूरकडचा बायपास विजापूर रोडला जातो, तुम्हाला अक्कलकोट रोडला जायचंय. शहरात जड गाड्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधीच वाहतूक शाखेत विचारून ठेवा. जुन्या पुणे नाक्यापासून पुढं शिरताना मोटारसायकलवर एक माणूस गाडीपुढं पाठव.

मोहोळला पोचायच्या तासभर आधी इथं एक ओळ टाक. रस्त्यावर येऊन थांबतो. मामांना जेवायला घरीच घेऊन जाईन, रात्र झाली तर झोपायलाही जागा आहे.