ख्रिस स्क्वायर यांचा बेस : साथ की दुसरी चाल?

मांडवीकर (रत्नागिरी)

गेली काही वर्षे मी गणेशोत्सवात आणि लग्नसमारंभांत कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. आमच्या प्रमुखांचे म्हणणे असे, की बेस कानाने नव्हे तर पोटाने ऐकायचा असतो. तो वेगळा ऐकू येऊ लागला की वाजवणारा साथ सोडून स्वतःची हौस भागवतो आहे, असे समजावे. मीही हे निमूटपणे मानत आलो. या पावसाळ्यात मात्र येस या ब्रिटिश बँडचा १९७१ चा 'फ्रॅजाइल' हा अल्बम हेडफोन लावून ऐकला आणि 'राउंडअबाउट'मध्ये सुरुवातीच्या गिटारनंतर बेस आत येतो, त्या जागी अडकलो. येसचे बेसवादक ख्रिस स्क्वायर यांचा बेस खर्जातच आहे, तरी त्याला धार आहे; तो स्वतःच्या चालीने चालतो आणि तरीही गाणे जराही डगमगत नाही. मी ट्रेबल (आवाजाचा वरचा, तीक्ष्ण भाग) वाढवून तेच वाजवून पाहिले, तर खालचे वजन गेले आणि पत्रा बडवल्यासारखा आवाज उरला. हा आवाज येतो कुठून आणि इतके पुढे येऊनही ती साथच कशी राहते, हे जाणकारांनी सांगावे.

खारा वारा (अलिबाग)

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. स्क्वायर यांनी १९६५ मध्ये, वाद्यांच्या दुकानात नोकरीला असताना घेतलेला रिकनबॅकर कंपनीचा बेस आयुष्यभर वापरला आणि त्याची वायरिंग बदलून त्याचा आवाज दोन वाटांनी बाहेर काढला. खालचा भाग बेसच्या अॅम्पकडे स्वच्छ जायचा, वरचा भाग वेगळ्या गिटार अॅम्पमधून थोडा फाटून, गुरगुरत यायचा. तुम्ही एकाच वाटेवर ट्रेबल वाढवलात, म्हणून वजन गेले. शिवाय ते पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवत आणि पिकपाठोपाठ अंगठ्याची कडा तारेला लागू देत, त्यामुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक बारीक चटका येतो.

तारांचेही पाहा. हा आवाज राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत तारांचा, त्याही नव्या तारांचा आहे, आणि आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत तारा पाहता पाहता मरतात. मी त्या काढून भाताच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकतो आणि पुसून पुन्हा चढवतो. काही दिवस चमक परत येते. पातेले कोणाचे, हे घरात विचारू नये.

धुमा (कुडाळ)

रॉक संगीतात माझा अधिकार नाही. मी दशावतारात पखवाज वाजवतो. पण वरचे उत्तर वाचून मला माझेच वाद्य दिसले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला आम्ही ओली कणीक लावतो, त्यामुळे तिथून गंभीर, भरदार घुमारा निघतो. उजव्या तोंडाला शाईचा काळा लेप असतो आणि तिथले बोल सुटे, टणक उमटतात. राक्षसाचा प्रवेश होतो तेव्हा रंगमंचावर पायपेटी आणि झांज असूनही प्रेक्षकाला दोन्ही तोंडे वेगवेगळी ऐकू येतात, आणि पखवाज पुढे आला म्हणून नाटक मागे पडले अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

त्याच अल्बममधला 'द फिश' हा तुकडा अवश्य ऐका. त्यात बेसच्याच निरनिराळ्या आवाजांचे थर एकावर एक चढत जातात आणि सगळे सात मात्रांत चालते. आमच्याकडे सात मात्रांचा तीव्रा आहे: धा दिं ता, तिट कत, गदि गन. आमचे तीन-दोन-दोन हे विभाग तिथे तसेच बसतील असा आग्रह मी धरणार नाही, पण हाताने सात मोजत बसलात तर कळेल, की कितीही थर चढले तरी सम कोणीही हलवत नाही. साथ राहते ती यामुळे.

पाचूबंदर (वसई)

धुमा यांची उपमा सुंदर आहे, तरी ती अर्ध्या वाटेवर थांबते असे मला वाटते. पखवाजाची दोन तोंडे दोन हात वाजवतात. स्क्वायर यांच्याकडे एकाच आघातातून दोन्ही आवाज निघतात. म्हणजे आवाजाचे कोडे सुटले, चालीचे राहिले.

मी आमच्या चर्चच्या गायनवृंदात आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. चार आवाजांच्या भजनात बेस गाणाऱ्यांना नुसता आधार देऊन चालत नाही, त्यांना स्वतःची गाता येण्याजोगी ओळ असते. वरचे तिन्ही आवाज गप्प केले तरी ती ओळ अर्थपूर्ण वाटली पाहिजे. स्क्वायर लहानपणी लंडनच्या किंग्सबरीतील सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये गात असत आणि येसमध्येही बेस वाजवता वाजवता दुसरा आवाज लावत. 'राउंडअबाउट'चा बेस तोंडाने गाऊन पाहा, मांडवीकर. तो गाता येतो. ट्रेबल वाढवून ही गोष्ट हाती लागणार नाही.

आणखी एक. त्याच अल्बममधल्या 'हार्ट ऑफ द सनराइज'च्या आरंभी गिटार आणि बेस एकत्र धावत सुटतात, मग सगळे ओसरते आणि बेस एकच छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. बिल ब्रुफर्ड यांचे ड्रम्स तिच्याभोवती बदलत जातात, मागून मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित सूर वाजवणारे पेटीसारखे वाद्य) वर चढतो, बेस मात्र जागचा हलत नाही. पुढे येणाऱ्या वादकाला हे थांबणे जमते की नाही, तेवढे तुमच्या प्रमुखांनी तपासावे. या बाबतीत ते पूर्ण चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही.

मांडवीकर (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. काल रात्री अॅम्प बंद ठेवून ती ओळ आधी गायली आणि मग वाजवली. गाताना जिथे श्वास घ्यावा लागला, त्या जागा मी वाजवताना आजवर सुरांनी भरून टाकत होतो, हे लक्षात आले. तारा आज उकळतो. पातेले माझे स्वतःचे आहे.