जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी दातांना तारा : सांगली-मिरजेत उपचार कोठे आणि कसे घ्यावेत?

शिक्षिका_विश्रामबाग

नमस्कार. मी तिशीतली असून सांगलीतील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आहे, त्यामुळे तोंड मिटले की खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. पुढच्या दातांनी पोळीचा तुकडाही नीट तुटत नाही, सलग तीन-चार तास शिकवले की कानापुढचा सांधा ठणकू लागतो आणि ‘स’, ‘फ’, ‘व’ हे वर्ण स्पष्ट उमटावेत म्हणून मला सतत सावध राहावे लागते. भाषा शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती बोचते, हे मी वेगळे सांगायला नको.

मी दोन ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या तज्ज्ञांना, दाखवले. एकांचे म्हणणे असे, की नुसत्या तारांनी दात जुळवून घेता येतील. दुसऱ्यांच्या मते आधी वर्ष-दीड वर्ष तारा, मग जबड्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर पुन्हा काही महिने तारा, हाच योग्य मार्ग आहे. मात्र शस्त्रक्रिया होईपर्यंत माझा चावा आणि चेहरा आजच्यापेक्षा अधिक बिघडलेला दिसेल, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. पैसे आणि त्रास सोसून आधी अधिकच बिघडवून घ्यायचे, हे माझ्या घरच्यांच्या गळी उतरत नाही. हा उपचार ज्यांनी प्रौढ वयात घेतला असेल त्यांनी या काळाविषयी आणि सांगली, मिरज किंवा कराडच्या सोयींविषयी कृपया लिहावे.

कृष्णाकाठ

ताई, मी मिरजेचा. आपल्यासारखाच पुढे आलेला जबडा घेऊन तिशी ओलांडली आणि मग हा उपचार घेतला. शस्त्रक्रिया होऊन तारा निघाल्या आहेत, आता रात्री रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून बसवायची पट्टी, वापरतो. आपल्याला मिळालेल्या दोन सल्ल्यांविषयी आधी लिहितो, कारण माझ्या मते सगळे काही तिथेच ठरते.

जबडा पुढे असला की वरचे दात वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर कलतात आणि खालचे आत झुकतात, कारण एकमेकांना कुठे तरी टेकण्याचा त्यांचा प्रयत्न चालू असतो. त्यामुळे हाडांमधला खरा फरक आरशात दिसतो त्याहून मोठा असतो. दातांनी तो काही अंशी झाकलेला असतो. नुसत्या तारांनी काम भागवायचे ठरवले, तर दातांचा हा कल आणखी वाढवला जातो. शस्त्रक्रियेसाठी लावलेल्या तारा मात्र नेमके उलटे काम करतात : कललेले दात त्यांच्या त्यांच्या हाडावर सरळ उभे करतात, म्हणजे शल्यचिकित्सकाने जबडा मागे किंवा पुढे नेला की दोन्ही रांगा बरोबर जुळतात. हे काम चालू असताना झाकलेला फरक उघडा पडतो आणि हनुवटी अधिक पुढे दिसू लागते. दुसऱ्या डॉक्टरांनी आपल्याला सांगितलेले बिघडणे ते हेच, आणि ते उपचार योग्य दिशेने चालल्याचे लक्षण आहे. घरच्यांना हे तोंडी सांगून पटत नाही. चेहऱ्याच्या बाजूने काढलेला क्ष-किरण, ज्याला सेफॅलोग्राम म्हणतात, तो डॉक्टरांसमोर बसून त्यांना दाखवावा. त्यात दातांची मुळे आणि हाड यांचा कल उघड दिसतो.

दोन मार्गांच्या दिशा परस्परविरोधी असल्यामुळे मधूनच बेत बदलणे फार महाग पडते. एका मार्गासाठी काढलेली उपदाढ (सुळा आणि दाढ यांमधला दात) परत बसवता येत नाही. शस्त्रक्रियेआधी पुष्कळदा वरच्या उपदाढा काढतात, तर नुसत्या तारांच्या उपचारात बहुधा खालच्या काढाव्या लागतात. म्हणून पहिला ब्रॅकेट (तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) चिकटवण्यापूर्वीच मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या, शल्यचिकित्सकांना भेटावे, आणि ऑर्थोडॉन्टिस्ट व शल्यचिकित्सक या दोघांनी एकत्र बसून आपल्या उपचाराचा आराखडा नक्की करावा, असा आग्रह धरावा. ‘आधी तारा तर लावू, सर्जनचे पुढे बघू,’ असे कोणी म्हणाले तर माझ्या मते तिथे उपचार सुरू करू नयेत. फरक थोडा असेल तर नुसत्या तारांचा मार्गही प्रामाणिक असतो, हे मी मान्य करतो. पण आपला सांधा दुखतो आहे आणि घास तुटत नाही, त्यामुळे शल्यचिकित्सकांचे मत न घेता तो निवडू नये, असे मला मनापासून वाटते.

आता रोजच्या जगण्याविषयी. पहिली तार बारीक, लवचिक निकेल-टायटॅनियमची असते आणि ती लावल्यावर दोन-तीन दिवस दात दुखून येतात, भातसुद्धा चावावासा वाटत नाही. गालाच्या आतल्या बाजूला ब्रॅकेट घासून फोड येतात. त्यासाठी मेणाची डबी शाळेच्या टेबलात आणि पर्समध्ये दोन्हीकडे असू द्यावी, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा बोटांत मळून ब्रॅकेट कोरडा करून त्यावर दाबावा. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी फोड लवकर बरे होतात. पुढे तारा जाड होत जातात आणि शेवटी चौकोनी छेदाची कडक पोलादी तार बसते. तोवर तोंडाला सवय झालेली असते. उच्चारांना एक-दोन आठवडे अडखळायला होते. मी रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचत असे, आपल्याला तर कवितांचे भांडार हाताशी आहे.

खाण्यात ऊस सोलून खाणे, चिक्की, पेरू, कणीस आणि भडंग वर्ज्य. भडंग सोडणे मला सगळ्यांत जड गेले, पण त्यातला शेंगदाणा आणि तळलेला लसूण तारेखाली असा अडकतो की ब्रॅकेट निघण्याची भीती असते. तासगावचे बेदाणे चिकटून राहतात आणि दात किडवतात. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खुशाल खावी. आणखी एक गोष्ट : तारेला ब्रॅकेटशी बांधणारी रबरे पारदर्शक घेऊ नयेत. आपल्याकडच्या जेवणातली हळद त्यांना एका दिवसात पिवळी करते आणि पुढच्या भेटीपर्यंत ती तशीच राहतात. राखाडी रबरे घ्यावीत.

सिरॅमिकचे दातांच्या रंगाचे ब्रॅकेट शिकवणाऱ्या व्यक्तीला हवेसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते ठिसूळ असतात आणि शस्त्रक्रियेत जबडे बांधताना तुटू शकतात, म्हणून बरेच शल्यचिकित्सक धातूचेच ब्रॅकेट पसंत करतात. तेही आधीच विचारून घ्यावे.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याहून लिहितो आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे उपचार आमच्या भागात झाले. सांगलीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय वानलेसवाडीला आहे, वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय कवलापूरला आहे, आणि कराडला मलकापुरात कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंतविज्ञान महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयाचा लाभ असा, की ऑर्थोडॉन्टिक्स आणि मुखशल्यचिकित्सा हे दोन्ही विभाग एकाच छताखाली असतात आणि खर्च सामान्यतः खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. अडचण एवढीच, की प्रत्यक्ष तारा ओढण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात, त्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो आणि हा उपचारही दोन ते तीन वर्षे चालतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे नाव नोंदवले जाईल का आणि देखरेख कोणत्या प्राध्यापकांची असेल, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

खासगीत जायचे असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट घराजवळचेच निवडावेत, कारण चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते आणि एखादी तार टोचू लागली तर त्याच दिवशी जाता आले पाहिजे. शल्यचिकित्सकांकडे मोजक्या वेळा जायचे असते; अशा शस्त्रक्रिया नियमित करणारे तज्ज्ञ पुण्यात मिळाले तरी अंतराची काळजी करू नये. मात्र दोघांचा एकमेकांशी थेट संपर्क हवा, निरोप्या म्हणून रुग्णाला फिरवू नये.

हरिपूर_रोड

मी दंतवैद्य आहे, ऑर्थोडॉन्टिस्ट नाही. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, थोडी भर घालतो.

तपासणीला जाताना दहावीपासूनचे चार-पाच फोटो बरोबर न्यावेत. हनुवटी एका बाजूला सरकलेली असेल आणि ती अजूनही सरकत असेल, तर जबड्याच्या सांध्याकडील हाडाची वाढ थांबलेली नसण्याची शक्यता तपासावी लागते. वाढ चालू असताना केलेली शस्त्रक्रिया टिकत नाही. अक्कलदाढा आत रुतलेल्या असतील तर खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी निदान सहा महिने त्या काढाव्यात, असे बहुतेक शल्यचिकित्सक सांगतात, कारण हाड नेमके त्याच जागी चिरायचे असते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो उपचार तारांच्या आधी. घोरण्याचा त्रास असल्यास तोही न लाजता सांगावा. खालचा जबडा मागे नेल्याने श्वासाचा मार्ग अरुंद होऊ शकतो, आणि अशा वेळी वरचा जबडा पुढे आणण्याचा विचार करतात.

खालच्या ओठाच्या आणि हनुवटीच्या बधिरतेविषयी आपण विचारलेले नाही, पण ते विचारायलाच हवे. जबड्यातून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेजवळ हाड कापले जाते, त्यामुळे सुरुवातीला बधिरता बहुतेकांना येते. बहुतांश जणांची काही महिन्यांत कमी होते, काहींची थोडीशी कायम राहते. ओठ हलतो, चेहरा वाकडा होत नाही, फक्त स्पर्श कळत नाही. होकार देण्याआधी ही शक्यता स्वीकारता येते का, ते स्वतःशी ठरवावे.

शिक्षिका_विश्रामबाग

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. सेफॅलोग्राम घेऊन आई-बाबांना सोबत नेण्याचे ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराची आईला फार धास्ती वाटते. आणि आरोग्य विम्यात हा खर्च बसतो का?

कृष्णाकाठ

आईंना सांगा, की स्वयंपाकघर बदलावे लागत नाही, फक्त मिक्सर आणि बारीक गाळणी यांची गाठ पडते. पहिले साधारण दोन आठवडे सगळे पातळ, आणि हाड धरेपर्यंत म्हणजे सुमारे सहा आठवडे न चावता गिळता येईल असे मऊ. भाताची पेज, मुगाचे कढण, नाचणीचे आंबील, ताक आणि मांसाहार चालत असेल तर आळणी रस्सा गाळून. आळण्याने मला जी तरतरी येई ती कोणत्याही पावडरीच्या दुधाने आली नाही. एका वेळी वाटीभरच जाते, म्हणून दर दोन तासांनी घ्यावे लागते. त्यासाठी घरी कोणी तरी असणे फार गरजेचे. वजन काही किलोंनी उतरते आणि पुढे भरून येते. आता टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी हाड बसवतात, त्यामुळे पूर्वीसारखे कित्येक आठवडे दात तारेने घट्ट बांधून ठेवण्याची वेळ सहसा येत नाही. वरच्या-खालच्या दातांना जोडणारी रबरे मात्र लावलेली असतात.

अजिंक्यतारा

विम्याबाबत : दंतोपचार बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात आणि तारांचा खर्च मिळत नाही, असे धरूनच चालावे. शस्त्रक्रियेचा प्रश्न वेगळा आहे. केवळ रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यातून वगळली जाते. आरोग्याला थेट धोका असल्याने ती गरजेची असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केले असेल, तर अपवाद होऊ शकतो. सांधेदुखी, चावण्यातील अडचण, उच्चारदोष हे सगळे पहिल्या भेटीपासून केसपेपरवर लिहून घ्यावे आणि विमा कंपनीचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वी लेखी मागावे. खर्चाचा अंदाजही तारा, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, रुग्णालय आणि पट्ट्या-स्क्रू असा वेगवेगळा लिहून घ्यावा. बहिणीच्या वेळी एका ठिकाणी पट्ट्यांचा खर्च अंदाजात धरलेलाच नव्हता आणि ऐन वेळी धावपळ झाली.

हरिपूर_रोड

शाळेच्या दृष्टीने शस्त्रक्रिया उन्हाळी सुट्टीच्या आरंभी बसवता आली तर उत्तम, कारण वर्गात सलग बोलायला चार ते सहा आठवडे लागतील. परंतु सुट्टीची तारीख धरून तारांची घाई करायला लावू नका. शेवटची कडक तार बसल्यावर दात काही आठवडे हलायचे थांबले पाहिजेत, मगच शस्त्रक्रियेसाठीचे अंतिम माप घेतात आणि जबडा नव्या जागी नेण्यासाठीची प्लॅस्टिकची पट्टी बनवतात. दात तयार नसतील तर दिवाळीच्या सुट्टीला जोडून वैद्यकीय रजा घ्यावी. मुख्याध्यापकांना या दोन्ही शक्यता आत्ताच सांगून ठेवाव्यात.