टीकाकाराचं खरं नाव फोडणं हे उत्तर होऊ शकतं का?

नीरक्षीर
२००९ च्या मे महिन्यात ओबामांनी सोनिया सोटोमायोर यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं आणि तिथल्या राजकीय ब्लॉगरांमध्ये जुंपली. ‘नॅशनल रिव्ह्यू’ या उजव्या विचाराच्या मासिकाच्या ब्लॉगवर एड व्हेलन सोटोमायोर यांच्या विरोधात लिहीत होते. ‘पब्लियस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने व्हेलन यांचा युक्तिवाद झोडपून काढला. त्यावर व्हेलन यांनी काय करावं? पब्लियस म्हणजे टेक्सासमधला अमुक कायद्याचा प्राध्यापक, असं नावानिशी जाहीर करून टाकलं. तेही त्याने ईमेलवर ‘खासगी आणि नोकरीच्या कारणांमुळे नाव लावत नाही’ असं कळवल्यानंतर. त्याची नोकरी कायम झालेली नव्हती, विद्यार्थ्यांना वर्गात अवघडल्यासारखं होऊ नये असं त्याला वाटत होतं, घरच्यांची राजकीय मतंही वेगळी होती.

काही दिवसांतच व्हेलन यांनी जाहीर माफी मागितली. पण माझा प्रश्न माफीच्या आधीचा आहे. नाव कळल्याने पब्लियसचा कुठला मुद्दा खोटा ठरला? एकही नाही. समोरच्याला गप्प करायला त्याच्या पोटावर पाय देणं मला अत्यंत गैर वाटतं. (त्या प्राध्यापकाचं नाव शोधलं तर सापडतं, मी इथे लिहिणार नाही.)

रोखठोक_नाशिक
पूर्ण असहमत. व्हेलन स्वतःच्या नावाने लिहीत होते, म्हणजे त्यांची अब्रू पणाला लागलेली होती. समोरचा जहाल विशेषणं वापरणार आणि त्याची झळ त्याला कधीच लागणार नाही, ही बरोबरीची लढत नव्हे. व्हेलन ज्यांच्या हाताखाली क्लार्क (कायद्याच्या कामातले सहायक) होते, त्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती स्केलिया यांनी १९९५ च्या मॅकिन्टायर खटल्यात हेच म्हटलं होतं: निनावीपणामुळे उत्तरदायित्व संपतं आणि गैरकृत्याला वाव मिळतो.

नीरक्षीर
स्केलियांचं ते मत अल्पमतातलं होतं, हेही सांगा की! ओहायोतल्या मार्गारेट मॅकिन्टायर यांनी शाळेच्या करवाढीविरुद्ध पत्रकं वाटली, त्यातल्या काहींवर नाव नव्हतं म्हणून त्यांना १०० डॉलर दंड झाला. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. आणि अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या नेत्यांनी लेख लिहिले, ते ‘पब्लियस’ याच नावाने.

वसईकर
इतक्या लांब कशाला जायचं? नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. काकांनी काय लिहिलं होतं? काहीच नाही. ज्या कलमाखाली अटक झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, पण नाव कळलं की लोक घरापर्यंत येतात, त्यावर कुठल्या निकालाचा उपाय आहे? ‘झळ लागली पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी ही झळ कोणाकोणाला लागते ते बघावं.

रोखठोक_नाशिक
पालघरमध्ये झालं ते गुंडगिरी होतं, त्याचं समर्थन मी करत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. ‘होल फूड्स’ या अमेरिकन कंपनीचे प्रमुख जॉन मॅकी अनेक वर्षं याहूच्या शेअर चर्चेत टोपणनावाने स्वतःच्या कंपनीची भलामण आणि ‘वाइल्ड ओट्स’ या प्रतिस्पर्धी कंपनीची निंदा करत होते. पुढे तीच कंपनी विकत घ्यायला निघाले. २००७ मध्ये हे उघड झालं. ते झाकूनच ठेवायला हवं होतं का? राजकारणात पक्षाच्या पैशावर लिहिणारे असेच निनावी असतात.

नीरक्षीर
मॅकींचं उघड होणं योग्यच होतं. तिथे लपवलेली ओळख हाच वाचकांशी केलेला खोटेपणा होता. पक्षाकडून पैसे घेऊन त्रयस्थ असल्याचं भासवणाऱ्यालाही माझं संरक्षण नाही. पब्लियसने मात्र असं काहीही लपवलेलं नव्हतं. तो डाव्या विचाराचा आहे हे त्याच्या प्रत्येक वाचकाला माहीत होतं.

रोखठोक_नाशिक
मग हितसंबंध आहेत की नाहीत, हे ठरवायचं कोणी?

वसईकर
ज्याच्यावर टीका झाली त्याने तर नाहीच. तो चिडलेला असतो. पुरावा असेल तर त्या भांडणात नसलेल्या एखाद्या संपादकाकडे द्यावा, त्याला तपासू द्यावं. व्हेलन यांच्याकडे तर पैशाचा वा पदाचा कसलाच आरोप नव्हता, फक्त नाव होतं.