मदत हवी आहे: आईचा जन्मदाखला, सोलापूर (अर्जंट!!)

सुताची_गुंडी: आईचा जन्मदाखला काढायचाय. दोन महिने हेलपाटे घालतोय, खिडकीवर एकच उत्तर, 'नोंद सापडत नाही'. कुणी काढलाय का? नेमकं कुठे जायचं तेवढं सांगा.

पूर्वभाग: जन्म शहरातला का गावचा? दवाखान्यात का घरी? साल? कशाला पाहिजे? काहीच लिहिलं नाही की ओ.

तुळशीपत्र: पासपोर्टला लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांनाच जन्मदाखल्याची सक्ती आहे. आईंना शाळा सोडल्याचा दाखला चालेल.

सुताची_गुंडी: पासपोर्ट आहे हो तिचा! बहीण अमेरिकेत असते, आईच्या ग्रीन कार्डासाठी मागितलाय. जन्म सोलापूर, 1 जून 1957.

पूर्वभाग: 1 जून! म्हणजे गुरुजींनी ठोकलेली तारीख. आमच्या घरात चौघांचा वाढदिवस त्याच दिवशी. ही तारीख घेऊन शोधाल तर जन्मात सापडणार नाही.

वकीलसाहेब_नव्हे: शोधत कशाला बसताय? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 13(3) खाली उशिराची नोंद करून घ्या. माझ्या सासऱ्यांची 2019 ला कोर्टातून केली.

तुळशीपत्र: आता कोर्ट नाही. 2023 च्या दुरुस्तीपासून ते महसूलकडे गेलंय. आणि आधी अनुपलब्धता दाखला, म्हणजे नोंद सापडत नाही असं लेखी, लागतोच.

वकीलसाहेब_नव्हे: मी स्वतः केलंय, तुम्ही वाचून सांगताय.

तुळशीपत्र: 2019 ला केलंय. तेच म्हणतोय.

हद्दवाढ: भांडण नंतर करा. सुताची_गुंडी, आईंचं आजोळ कुठलं? पूर्वी बाई बाळंतपणाला माहेरी जायची. जन्म जिथे झाला तिथेच नोंद असते, वडील कुठे राहत होते त्याला अर्थ नाही.

सुताची_गुंडी: शेळगी. पण शेळगी म्हणजे सोलापूरच ना!

हद्दवाढ: आज सोलापूर. शहरात आली 1992 च्या हद्दवाढीत, त्याआधी खेडं. 1957 ची नोंद कोतवाल बुकात असणार, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, गाव नमुना 14. तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. आणि अर्ज कुठल्या नावानं केलात?

सुताची_गुंडी: आईच्याच. पासपोर्टवर आहे तसं.

हद्दवाढ: अहो, तिच्या जन्माच्या वेळी तुमचे वडील त्या वहीत कुठून येणार? आजोबांच्या नावानं शोधा. बाळाचं नाव बहुधा नसतंच, नुसतं 'स्त्री' लिहिलेलं असतं. आणि 1957 एकटं धरू नका, 55 ते 58 सगळी पानं बघा.

कडक_भाकरी: अवांतर विचारतो. बहिणीला अमेरिकेत शेंगाचटणी कशी पाठवता? आमच्या मुलानं मागितलीय.

सुताची_गुंडी: काका, प्लीज.

पूर्वभाग: कोरडी असेल तर जाते. तेल घालू नका.

सुताची_गुंडी: (नऊ दिवसांनी) तहसीलमध्ये बघून आलो. आजोबांच्या नावावर एक नोंद आहे. 'स्त्री', 14 नोव्हेंबर 1955. पुढे नाव नाही. 57 ची वही वाळवीनं खाल्लीय, अर्धी पानं हातातच सुटली. घरी येऊन मावशीला सांगितलं तर म्हणते, आईच्या आधी एक मुलगी झाली होती, ती सहा महिन्यांत गेली. मला आजवर कुणी बोललंच नव्हतं. आता ही नोंद आईची का तिची?

वकीलसाहेब_नव्हे: नाव लावून मोकळे व्हा. कोण बघतंय?

पूर्वभाग: आणि पासपोर्टवर 1957? घालवा बिचारीचं ग्रीन कार्ड.

हद्दवाढ: कोतवाल बुकात मृत्यूही लिहितात. 1956 ची पानं बघा. मुलगी गेल्याची नोंद मिळाली की हे पान तिचं. मग आईंसाठी अनुपलब्धता दाखला घ्या, सोबत शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रं. मूळ नोंदच नसेल तर अमेरिकेला असे पुरावे चालतात.

सुताची_गुंडी: प्रतिज्ञापत्र मावशीचं करतो.

हद्दवाढ: मावशी मोठी का?

सुताची_गुंडी: लहान. चार वर्षांनी.

हद्दवाढ: मग तिला आईंचा जन्म कसा माहीत असणार? वयानं मोठं कुणीतरी पाहिजे. मामा आहेत का?

सुताची_गुंडी: आहे एक, थोरला. शेळगीतच राहतो. जागेवरून वाद झाला तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही.

कडक_भाकरी: शेंगाचटणी घेऊन जा.